नवी कंपनी आणि परमुलखांतील कामकरी

परतवाडा मागें टाकून चिखलदऱ्याचा घाट चढूं लागलें म्हणजे वऱ्हाडची काळी माती हळूहळू दृष्टीआड होते आणि सागाच्या रानांतून वळणें घेत रस्ता वर जाऊं लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारें अकराशें मीटर उंचीवर वसलेलें हें गांव म्हणजे विदर्भांतील लोकांचें उन्हाळ्यांतील विश्रांतिस्थान. हैदराबाद पलटणींतील कॅप्टन रॉबिन्सन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें सन १८२३ मध्यें ही जागा हेरली. तेव्हांपासून येथें बंगले उठूं लागले, ते अजून उठतच आहेत. सिडको या संस्थेकडे येथील नियोजनाचें काम आल्यापासून आणि दोन कड्यांना जोडणारा कांचेचा आकाशमार्ग तिनें हातीं घेतल्यापासून तर जमिनीला आणि विटांना, दोहोंनाहि भाव आला आहे. हिवाळ्यांत सकाळीं फिरावयास बाहेर पडलें तर पत्र्याच्या झोपड्यांतून चुलींचा धूर निघतांना दिसतो, सळया वांकविण्याचा आवाज येतो; आणि जवळ जाऊन कान दिला तर कित्येक ठिकाणीं ऐकूं येणारें बोलणें मराठी नसतें आणि कोरकूहि नसतें.

अलीकडेच अमरावतीकडील एका गृहस्थांनीं मला एक प्रश्न विचारला. त्यांनीं तिघां मित्रांसह एक खाजगी मर्यादित कंपनी नोंदविली आहे. चिखलदऱ्यास वीस खोल्यांचें उतारूगृह बांधावें असा त्यांचा मनोदय आहे. पैसा जमला, जागा मिळाली. पण गवंडी मिळेना. युरोपांत व आखाती देशांत नव्या कंपन्या नेपाळ, बांगलादेश, उझबेकिस्तान अशा देशांतून बांधकामाचे मजूर आणतात असें त्यांनीं वाचलें होतें. “मग आम्हांला परदेशी मजूर आणतां येतील काय, आणि कंपनी नवी आहे याची कांहीं अडचण येईल काय?” असा त्यांचा सवाल. प्रश्न वाटतो तितका विचित्र नाहीं. त्याचें उत्तर शोधतां शोधतां पुष्कळ गोष्टी हातीं लागतात, म्हणून आजच्या भाषणासाठीं मीं तोच विषय घेतला आहे.

पहिल्या भागाचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर ‘नाहीं’ असेंच द्यावें लागेल. भारतांत नोकरीसाठीं येणाऱ्या परदेशी मनुष्यास नोकरीचा व्हिसा घ्यावा लागतो, आणि तो कोणाला द्यावयाचा याविषयीं केंद्र सरकारचे दंडक स्पष्ट आहेत. येणारा मनुष्य आपल्या विषयांत तज्ज्ञ किंवा विशेष कुशल असला पाहिजे. जें काम करणारे भारतीय लोक विपुल मिळतात अशा कामासाठीं तो येत नसावा. नित्याच्या साध्या किंवा कारकुनी कामासाठींहि येत नसावा. आणि कांहीं ठराविक अपवाद वगळतां त्याचा वार्षिक पगार १६ लाख २५ हजार रुपयांहून अधिक असावा. पूर्वीं ही मर्यादा २५ हजार अमेरिकन डॉलरांची होती. हिशेब करून पाहा: महिन्याला एक लाख पस्तीस हजारांच्या वर! इतका पगार देऊन विटा रचून घेणारी कंपनी अद्याप जन्मास यावयाची आहे. हें दार उघडें ठेवलें आहे तें, लोखंडी दोरांवर पूल टांगणारा जाणकार किंवा एखादें परदेशी यंत्र उभें करून देणारा अभियंता यांच्यासाठीं. बिगाऱ्यासाठीं तें बंद आहे.

या दाराला वळसा घालून जाण्याचा प्रयत्न झालेलाच नाहीं असें मात्र नाहीं. आपल्याकडील वीजकेंद्रांच्या व कारखान्यांच्या उभारणीसाठीं चीनमधून आलेले हजारों लोक व्यापारी व्हिसावर राहून प्रत्यक्ष काम करीत आहेत असें सन २००९ मध्यें सरकारच्या लक्षांत आलें. व्यापारी व्हिसा सौदे ठरविण्यासाठीं, बैठकींसाठीं असतो; पहाड चढविण्यासाठीं नव्हे. सरकारनें त्या लोकांना स्वदेशीं परत जाऊन नोकरीचा व्हिसा घेऊन येण्यास फर्माविलें आणि त्यानंतर नियम अधिक कडक झाले. आतां तर सन १९२०, १९३९ व १९४६ चे जुने कायदे रद्द होऊन त्यांच्या जागीं परदेशी नागरिकांविषयींचा सन २०२५ चा एकच नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. कंपनी नवी आहे कीं जुनी, हा प्रश्न येथें गौण ठरतो. व्हिसा मनुष्याच्या कामाकडे पाहून मिळतो. मात्र ज्याला बोलवावयाचें त्याला बोलावणारी कायदेशीर व्यक्ति अस्तित्वांत असली पाहिजे. आणि कंपनीच्या बाबतींत ती केव्हां अस्तित्वांत येते हें पुढें सांगणार आहें.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे तो नेपाळचा. भारत व नेपाळ यांच्यामध्यें ३१ जुलै १९५० रोजीं काठमांडू येथें शांतता व मैत्रीचा तह झाला. त्याच्या सातव्या कलमान्वयें एका देशाच्या नागरिकास दुसऱ्या देशांत राहण्याची, मालमत्ता करण्याची, व्यापार व हालचाल करण्याची मोकळीक आहे. नेपाळी मनुष्याला भारतांत येण्यास व्हिसा लागत नाहीं. वऱ्हाडांतील शहरांत रात्रीं शिट्टी वाजवीत फिरणारा गुरखा कोणत्या परवान्यावर आला असा विचार आपल्या मनांत कधीं येत नाहीं, त्याचें कारण हा तह. भूतानी लोकांनाहि येण्यास व्हिसा लागत नाहीं. तेव्हां आमच्या गृहस्थांना परदेशी मजूर हवेच असतील तर कायद्यानें नेपाळी मजूर ठेवतां येतील. परंतु त्यांची मजुरी, त्यांचे कामाचे तास, त्यांची हजेरी हें सर्व भारतीय मजुराप्रमाणेंच ठेवावें लागेल. परका म्हणून स्वस्त, हें गणित येथें चालत नाहीं.

आतां प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतों. आणि खरें सांगावयाचें तर आजच्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. चिखलदऱ्यावर येणारा बांधकामाचा मजूर व्हिसाच्या अर्थानें परदेशी नसतो. तो बिहारचा असेल, बंगालचा असेल, झारखंडचा असेल, नाहीं तर सातपुड्यापलीकडील मध्य प्रदेशांतला असेल. पण आपल्या गांवापासून हजार मैल दूर, अनोळखी भाषेच्या मुलखांत, डोंगरावर, मुकादमाच्या शब्दावर विसंबून आलेल्या मनुष्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तो परमुलखांतच असतो. त्याला कामावर ठेवणारी कंपनी कालपरवां नोंदलेली असेल तर धोका दुप्पट होतो. कसा, तें पाहूं.

कंपनी ही कायद्यानें निर्माण केलेली व्यक्ति आहे. नोंदणीच्या दाखल्यावर जी तारीख असते ती तिची जन्मतारीख. त्यापूर्वीं ती नसतेच. आणि जी नाहीं तिला करार करतां येत नाहीं. आमच्या गृहस्थांनीं नोंदणीपूर्वींच एका मुकादमाला मजूर आणण्यासाठीं उचल दिली होती व कागदावर कंपनीचें नांव घातलें होतें. मीं त्यांना सांगितलें कीं, हा व्यवहार तूर्त तुमचा स्वतःचा आहे. जन्मानंतर कंपनीनें तो रीतसर पत्करला तरच तो तिचा होईल. शिवाय भागभांडवल असलेल्या कंपनीला, प्रवर्तकांनीं आपापल्या भागांचे पैसे भरल्याचें निवेदन दाखल केल्याशिवाय, धंदा सुरू करतां येत नाहीं व कर्जहि काढतां येत नाहीं. हें निवेदन नोंदणीपासून १८० दिवसांच्या आंत द्यावयाचें असतें. पुष्कळ लोक दाखला हातीं आला कीं नारळ फोडून खोदाईला लागतात. तें चुकीचें आहे.

मर्यादित जबाबदारी या शब्दाचा अर्थ भागीदाराला जितका सुखाचा तितका मजुराला चिंतेचा असतो. कंपनी बुडाली तर भागधारकाचें नुकसान त्यानें घेतलेल्या भागांपुरतें. त्याच्या घराला, शेताला हात लागत नाहीं. जुन्या कंपनीजवळ इमारती असतात, नांव असतें, येणें असतें. नव्या कंपनीजवळ बहुधा एक कागद, एक शिक्का आणि बँकेंतील थोडी शिल्लक एवढेंच असतें. पैसा संपला आणि काम अर्ध्यावर थांबलें तर वीट पुरविणारा उधारीवर थांबूं शकतो, बँक तारणावर थांबूं शकते. पण आठवड्याच्या मजुरीवर जगणारा मनुष्य डोंगरावर थांबूं शकत नाहीं, आणि परतीचें भाडें नसल्यामुळें जाऊंहि शकत नाहीं.

हें नुसतें कल्पनेंतलें संकट नाहीं. महाराष्ट्रांतील बांधकामाच्या इतिहासांत त्याचें मोठें उदाहरण आहे तें बोरघाटाचें. मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग सह्याद्रीवर चढविण्याचें काम सन १८५६ मध्यें सुरू झालें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला ही इंग्लंडांत स्थापन झालेली कंपनी. तिचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले. आणि घाटाचा मक्ता घेणारे विल्यम फॅव्हिएल हेहि इंग्लंडचेच. त्यांच्या हाताखालीं पोटमक्तेदार, पोटमक्तेदारांच्या हाताखालीं मुकादम, आणि मुकादमांच्या हाताखालीं देशोदेशींहून आलेले हजारों मजूर अशी ती उतरंड होती. पंचवीस बोगदे खोदावयाचे होते. दऱ्यांवर उंच कमानी बांधावयाच्या होत्या. सुरुंग लावण्यासाठीं माणसांना कड्यावरून दोरांनीं खालीं सोडीत. पावसाळ्यांत काम थांबे, लोक पांगत, आणि दसऱ्यानंतर पुन्हां जमवावे लागत. एके काळीं या एका घाटांत चाळीस हजारांवर माणसें राबत होतीं.

मजुरी मात्र या उतरंडीवरून खालीं येतां येतां अडकत असे. मक्तेदार म्हणे मी पोटमक्तेदाराला दिले. पोटमक्तेदार म्हणे मला पुरे मिळालेच नाहींत. आणि मजुराला महिने महिने तिष्ठत राहावें लागे. सन १८५९ च्या आरंभीं या संतापाचा स्फोट झाला आणि मजुरांनीं घाटांतील गोऱ्या अधिकाऱ्यांवर व नोकरांवर हल्ला केला. त्याच वर्षीं फॅव्हिएल यांनीं मक्ता सोडला. नवे मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले आणि थोड्याच दिवसांत आजारानें वारले. पुढें त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनीं मक्ता आपल्या नांवें चालवून काम तडीस नेलें. पतीच्या मागें परक्या देशांत राहून असला मक्ता पुरा करणाऱ्या या बाईंविषयीं मला नेहमींच आदर वाटत आला आहे. पण त्या कामावर पटकीनें व अपघातांनीं मेलेल्या मजुरांचीं नांवें मात्र कोठेंहि कोरलेलीं नाहींत, हेंहि विसरतां येत नाहीं. घाटाचा मार्ग सन १८६३ मध्यें खुला झाला.

या दंग्याचा एक परिणाम कायद्याच्या पुस्तकांत उमटला. सन १८६० च्या नवव्या कायद्यानें लोहमार्ग, कालवे वगैरे कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें चटकन निकालांत काढावे अशी सोय झाली. परंतु त्याच सुमारास, सन १८५९ च्या तेराव्या कायद्यानें, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगांत टाकण्याचीहि सोय झाली होती. म्हणजे मालकानें पैसे थकविले तर दिवाणी स्वरूपाचा तंटा, आणि मजूर निघून गेला तर गुन्हा! हा दुसरा कायदा रद्द होण्यास विसाव्या शतकाचीं पंचवीस वर्षें उलटावीं लागलीं. त्याचा आत्मा मात्र अजून कित्येक मुकादमांच्या अंगांत संचार करीत असतो.

बोरघाटांतील उतरंड आज चिखलदऱ्यास लहान प्रमाणावर जशीच्या तशी पाहावयास मिळते. कंपनी मक्तेदाराला काम देते, मक्तेदार सेंट्रिंगचें, गिलाव्याचें, फरशीचें काम निरनिराळ्या मुकादमांना वांटतो, आणि मुकादम आपल्या गांवाकडून माणसें आणतो. येतांना त्यांना उचल दिलेली असते. ही उचल मजुरींतून फिटेपर्यंत मनुष्याला जातां येत नाहीं असा मुकादमाचा समज असतो; आणि दुर्दैवानें मजुराचाहि तोच समज असतो. वस्तुतः देशांत सन १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी नष्ट केलेली आहे आणि कर्जापोटीं मनुष्याला कामाला बांधून ठेवणें हा गुन्हा आहे. दिल्लींत सन १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीं जीं बांधकामें झालीं त्यांवरील मजुरांना ठरलेल्या ९ रुपये २५ पैशांतून मुकादम रोज एक रुपया कापून घेत. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, तेव्हां न्यायमूर्ति भगवती यांनीं असा निर्णय दिला कीं, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणें म्हणजे घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदानें मना केलेली वेठच होय. एका रुपयाच्या कापाकापीवरून देशाची घटना बोलती झाली.

परमुलखांतील मजुरासाठीं स्वतंत्र कायदा झाला तो सन १९७९ मध्यें. ओरिसांतून ‘दादन’ या नांवाखालीं मुकादमांच्या मार्फत दूरदूरच्या धरणांवर व रस्त्यांवर नेल्या जाणाऱ्या मजुरांची दैना हें त्याचें निमित्त होतें. त्या कायद्यानें मक्तेदारावर बरींच बंधनें घातलीं होतीं. मजुराचें छायाचित्र लावलेलें नोंदपुस्तक त्याला द्यावें. जाण्यायेण्याचें भाडें द्यावें. प्रवासाच्या दिवसांचीहि मजुरी द्यावी. आणि घर सोडावें लागतें म्हणून महिन्याच्या मजुरीच्या निम्मी, निदान ७५ रुपये तरी, रक्कम परत न घेण्याच्या बोलीवर द्यावी. कायदा उत्तम होता. त्याची अंमलबजावणी क्वचितच झाली. जो मजूर मुकादमाविना आपल्या पायांनीं आला त्याला तर तो लागूच नव्हता.

किती माणसें अशीं नोंदीविना पसरलेलीं आहेत हें देशाला कळलें तें सन २०२० च्या टाळेबंदींत. नागपूर-अमरावतीच्या महामार्गावरून मुलें खांद्यावर घेऊन चालणारीं कुटुंबें आपल्यापैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. त्याच वर्षीं ८ मे रोजीं पहांटे करमाडजवळ लोहमार्गावर थकून झोंपलेले सोळा मजूर मालगाडीखालीं चिरडले गेले. ते जालन्याच्या पोलादी कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशांतील तरुण होते, आणि पायीं घरीं निघाले होते.

सन १९७९ चा तो कायदा, सन १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा आणि इतर कित्येक कायदे एकत्र करून केलेली नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नव्या कंपनीच्या चालकांनीं चारदोन गोष्टी तरी ध्यानांत ठेवाव्या. दहा किंवा अधिक माणसें कामावर असलीं तर आस्थापनेची नोंदणी साठ दिवसांच्या आंत करावी लागते. प्रत्येक मनुष्याला नेमणुकीचें पत्र द्यावें लागतें, बिगाऱ्यालाहि. जो आपल्या पायांनीं परराज्यांतून आला, आणि ज्याची मजुरी महिना अठरा हजारांपर्यंत आहे, तोहि आतां स्थलांतरित कामगार म्हणून गणला जातो. ही सुधारणा निःसंशय मोठी आहे. मक्तेदारानें मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्या कंपनीवर येते. मजुरी महिन्याची असेल तर पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत, आठवड्याची असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशीं, आणि मनुष्य काम सोडून निघाला तर दोन कामाच्या दिवसांत चुकती करावी लागते. याखेरीज बांधकामाच्या खर्चावर शेंकडा एक या दरानें उपकर भरावा लागतो. त्यांतून कामगार कल्याण मंडळ चालतें, आणि वर्षांत नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराला, मग तो कोणत्याहि राज्याचा असो, त्या मंडळाकडे नांव नोंदवितां येतें. मालकानें नव्वद दिवसांचा दाखला देण्याचा कंटाळा केला म्हणजे हा हक्क कागदावरच राहतो.

मात्र नव्या संहितेनें दिलें तसें कांहीं घेतलेंहि आहे. घर सोडण्याबद्दलची ती निम्म्या पगाराची रक्कम तिच्यांत नाहीं. प्रवासाचें भाडें वर्षांतून एकदां द्यावयाचें आहे, पण त्यासाठीं किमान किती नोकरी झालेली असावी हें ठरविणें नियमांवर सोपविलें. केंद्राच्या नियमांच्या मसुद्यांत ती मर्यादा १८० दिवसांची घातली गेली. चिखलदऱ्याचा हिशेब येथें करून पाहण्यासारखा आहे. जूनच्या मध्यापासून चार महिने येथें असा पाऊस व धुकें असतें कीं बाहेरचें बांधकाम जवळजवळ बंद पडतें. दिवाळीनंतर माणसें जमवून काम उभें राहीपर्यंत डिसेंबर उजाडतो. डिसेंबर ते मे म्हणजे १८२ दिवस. त्यांतून खाडे, साप्ताहिक सुट्या आणि सामान न आल्यामुळें फुकट गेलेले दिवस वजा घातले तर एका हंगामांत १८० दिवस भरणें जवळपास अशक्य. म्हणजे ज्या डोंगरावरून घर सर्वांत दूर, तेथील मजुरालाच परतीचें भाडें मिळण्याचा संभव सर्वांत कमी! मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या मजुरांच्या करारांत आरंभीं परतीचें जहाजभाडें असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तें काढून टाकण्यांत आलें, आणि कोंकणांतून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज त्या बेटावर कायमचे रहिवासी आहेत. त्यांचें तेथें बरें झालें ही गोष्ट निराळी. जाणाऱ्याला परत येण्याची वाट मोकळी असावी, ती भाडें नसल्यामुळें बंद होऊं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे. आमच्या गृहस्थांना मीं सुचविलें कीं, कायदा मागो वा न मागो, परतीच्या भाड्याची रक्कम पहिल्या दिवसापासून बँकेंत वेगळी ठेवावी. पंचवीस माणसांचें रेल्वेचें भाडें वीस खोल्यांच्या फरशीच्या खर्चापुढें किरकोळ आहे.

आणि थंडी! बिहार-बंगालच्या सपाटीवरील मनुष्याला वऱ्हाड म्हणजे उन्हाचा देश असें सांगून आणतात, आणि जानेवारीच्या रात्रीं तो चिखलदऱ्याच्या वाऱ्यांत पत्र्याखालीं कुडकुडतो. सन १९९६ च्या कायद्यानें कामाजवळ मजुरांना फुकट राहण्याची जागा देणें मालकाचें कर्तव्य ठरविलें होतें. त्यांत घोंगडीचा उल्लेख नव्हता. पण कायदा करणारे चिखलदऱ्यास जानेवारींत राहिले असते तर त्यांनीं तो केला असता असें मला वाटतें. गाविलगडच्या वेढ्याच्या वेळीं, सन १८०३ च्या डिसेंबरांत, कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजेनें याच डोंगरांत रस्ते कापीत, दऱ्याखोऱ्यांतून तोफा हातांनीं ओढीत किल्ल्याच्या उत्तरेकडे नेल्या, आणि १५ तारखेला किल्ला पडला. इतिहासकार ती वाट काढण्याच्या पराक्रमाचें वर्णन करतात. त्या रात्रीं ती माणसें कशावर निजलीं हें कोणी लिहीत नाहीं.

आतांपर्यंत मीं दुरून येणाऱ्यांविषयीं बोललों. परंतु या विषयांत एक चमत्कारिक विसंगति आहे. ज्या मेळघाटांत परमुलखांतून मजूर आणावे लागतात त्याच मेळघाटांतील कोरकू कुटुंबें, पावसाळ्याची शेती उरकली कीं, सपाटीवर, शहरांत आणि सातपुड्यापलीकडे कामाच्या शोधांत जातात. गांवें ओस पडतात, पोरांची शाळा बुडते. महाराष्ट्रानें सन १९७२ च्या दुष्काळांत सुरू केलेली आणि सन १९७७ च्या कायद्यानें पक्की केलेली रोजगार हमी हें निर्गमन थांबविण्यासाठींहि होती. मग कोरकू मनुष्य चिखलदऱ्याच्या बांधकामावर फारसा कां दिसत नाहीं? मालक म्हणतात, तो कुशल नाहीं, आणि होळीला निघून जातो. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. परंतु गवंडीकाम त्याला शिकविण्याची खटपट किती जणांनीं केली? आणि दुरून आलेला मजूर मालकाला प्रिय असतो त्याचें एक कारण, जें उघड बोललें जात नाहीं तें, असें कीं त्याला सायंकाळीं घरीं जातां येत नाहीं.

येथें एक गोष्ट सांगतों, ती भाषेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, पण मुकादमांना ठाऊक नसते. कोरकू ही भाषा मराठीच्या कुळांतली नव्हे आणि गोंडीच्याहि नव्हे. ती मुंडा कुळांतली, आणि त्या कुळांतील सर्वांत पश्चिमेकडची. तिच्या बहिणी आहेत त्या झारखंडांतील मुंडारी व संथाळी. माणसाला कोरकू ‘कोरो’ म्हणतो. मुंडारींत ‘होरो’ म्हणतात आणि संथाळींत ‘होड’. म्हणजे रांचीकडून सळया बांधण्यास आलेला मुंडा तरुण चिखलदऱ्यास आला तर अमरावतीच्या मालकाहून येथील मूळ रहिवाशाला तोच भाषेनें अधिक जवळचा. मग परका कोणाला म्हणावयाचें?

आमच्या गृहस्थांचें पुढें काय झालें हें ऐकण्याची श्रोत्यांना उत्सुकता असेल. परदेशी मजुरांचा नाद त्यांनीं सोडला. मुकादमाशीं केलेला कागद फाडून कंपनीच्या नांवानें नवा केला, आणि त्यांत मजुरी प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या बँकखात्यांत जाईल असें कलम घातलें. मुकादम आठ दिवस रुसून बसला होता. बंगालचे सहा गवंडी आणि चिखलदरा व धारणी तालुक्यांतील चौदा कोरकू तरुण त्यांच्या हाताखालीं, अशी जोडणी त्यांनीं केली आहे. परवां त्यांनीं मला कामाचें वेळापत्रक दाखविलें. पाया, जोते, भिंती, स्लॅब, गिलावा, सगळे आठवडे गच्च भरलेले होते. फक्त होळीच्या सुमाराचे आठ दिवस त्यांनीं कोरे सोडले होते.